एकशेबारावं पान

"कातडं कधी कापलंय, हे नुसतं बघून सांगता येतं का हो, व्हटकर?"

माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून फादर इनास मच्याडो हे विचारत होते. मिरजेच्या बाजारात, मंगळवारी सकाळी, आणि हातात तबला नाही. मला त्यातलं शेवटचं सगळ्यात विचित्र वाटलं. अकरा वर्षांत हा माणूस तबल्याच्या तोंडावरच्या फुटलेल्या पुडीशिवाय माझ्याकडे आला नव्हता. टेकडीवर फादर लोकांचं घर होतं, चर्च होतं, तिथं रविवारी मराठी भजनं व्हायची. साथीला फादर इनास स्वतः बसायचे आणि असे काही बसायचे, की वर्षाला तीन पुड्या जायच्या. तबल्याची कातडी मढवणाऱ्याला असं गिऱ्हाईक देवानंच पाठवावं लागतं.

"कधी कापलंय?" मी म्हणालो. "फादर, मी बकऱ्याचं नाव सांगतो."

"गंमत नको."

"गंमत कसली? कोल्हापूरच्या एका बुवांच्या डग्ग्यावर हात फिरवून मी सांगितलं होतं, हे बकरं डाव्या पायानं लंगडत होतं. बुवांनी खाटकाला गाठून विचारलं. लंगडत होतं."

"मागल्या खेपेला उजवा पाय हुता," आतून माझ्या बायकोचा, सुंदराबाईंचा, आवाज आला.

फादर हसले नाहीत. एरवी हसायचे. खाली वाकून हळूच म्हणाले, "माझ्याबरोबर टेकडीवर चला. आणि कुणाला सांगू नका."

मला! 'कुणाला सांगू नका' हे शब्द उभ्या मिरजेत मला उद्देशून तोवर कुणी वापरले नव्हते. तेव्हाच मी ओळखलं, की माणूस भलत्याच अडचणीत आहे. १९७१ सालची ही गोष्ट. तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो आणि कातड्याच्या बाबतीत मला न कळणारं काही या जगात आहे, असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

ग्रंथालय वरच्या मजल्यावर होतं. खिडकीपाशी लांबलचक टेबल आणि टेबलावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक. फादरांनी हात धुतले, मला धुवायला लावले, मग फडकं सोडलं.

आता मला वाटलं होतं, इतकी पूजा चाललीय तर आत सोनंबिनं असेल. काही नाही. तपकिरी अक्षरं, मधूनच एखादं मोठं अक्षर लाल, बस्स. चित्र नाही, वेलबुट्टी नाही. पण पान हातात घेतलं आणि माझे डोळे चमकले. कागद नव्हताच तो. कातडं होतं. बकऱ्याचं. इतकं पातळ तासलेलं, की माझ्या बापानं ते करणाऱ्याला पोटाशी धरलं असतं.

"आठशे वर्षांपूर्वीचं आहे," फादर म्हणाले. "इटलीतल्या एका डोंगरात सिस्टर्सियन साधूंचा मठ आहे. पांढरे झगे घालतात, स्वतः शेती करतात, आणि देवाच्या पुस्तकात चित्रं काढायला त्यांना बंदी होती. बायबलात एक प्रेमगीत आहे. त्याच्या एकेका ओळीचा अर्थ सांगत एका साधूनं हे भाष्य लिहिलंय. लॅटिनमध्ये. त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही."

"एकेका ओळीवर किती लिहिलंय?"

"एक पान, दोन पानं. 'ती म्हणाली' एवढ्यावरच चार पानं."

"म्हणजे आमच्या कीर्तनकारासारखं."

"अगदी तसंच," फादर म्हणाले आणि पहिल्यांदा थोडे हसले. मग हसू मावळलं. "१९३१ साली इथल्या एका इटालियन फादरांना मठानं हे अभ्यासाला दिलं. फादर इथंच वारले, पुस्तक इथंच राहिलं. आता मठ ते परत मागतोय. उद्या मुंबईहून आमचा माणूस तपासणीला येणार आहे. पुस्तकाबरोबर मठाची दोनशे वर्षं जुनी यादी आली होती, तिच्यात लिहिलंय, पानं एकशे बारा."

"आणि आहेत किती?"

"एकशे अकरा."

"पुन्हा मोजा."

"एकतीस वर्षं मोजतोय, व्हटकर. १९४० साली या खोलीची किल्ली माझ्या हाती आली, तेव्हा मी पानं मोजून घेतली नाहीत. महिन्याभरानं मोजली, तर एक कमी. म्हणजे ते आधी गेलं की माझ्या ताब्यात असताना गेलं, हे आज कुणी सांगू शकत नाही. असली सुटी पानं परदेशात लोक वाटेल त्या किमतीला घेतात. येणारा माणूस आहे रेमंड रुमाव. वसईचा. लॅटिन त्याला मीच शिकवलं, याच टेबलावर."

"मग तुमचाच चेला की!"

"म्हणूनच सोडणार नाही. मीच तसं शिकवलंय." त्यांनी कंबरेच्या किल्लीला हात लावला. "पान माझ्या काळात गेलं असं ठरलं, तर ही जाईल. मला दूर कुठंतरी म्हाताऱ्या फादरांच्या घरी पाठवतील. माझ्याबद्दल कागदावर कुणी वाईट शब्द लिहिणार नाही. पण वाचणारे वाचतील."

त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं. दोन पानांच्या बेचक्यात, शिवणीपाशी, दोन बोटं रुंदीची एक पट्टी उभी होती. कड वेडीवाकडी.

"इथलं पान कापून नेलंय," फादर म्हणाले. "घाईत. चोराचा हात थरथरला असणार. आणि बरोबर इथंच लिखाणही तुटतं. गीताच्या प्रत्येक ओळीवर भाष्य आहे, फक्त एका ओळीवर नाही. या पट्टीच्या अलीकडे एक ओळ, पलीकडे एक सोडून पुढची. तर सांगा, हा काप किती जुना? एकतीस वर्षांच्या आतला, की आधीचा?"

मी खुर्ची खिडकीकडे ओढली. पट्टीवर बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. वास घेतला. मग जिभेचं टोक लावलं.

"व्हटकर! आठशे वर्षांचं पुस्तक आहे ते!"

"चुना बघतोय. चांगला धुतलाय."

पुन्हा बोट फिरवलं आणि मला हसूच आलं. मोठ्यानं. ग्रंथालयात असं हसत नाहीत म्हणे.

"फादर, हे कापलेलंच नाही."

"म्हणजे?"

"सुरीनं कापलेल्या कातड्याची कड सरळ उभी असते. तीक्ष्ण. आता ही बघा. जाड आहे, गोल आहे, आत वळलीय, नखासारखी कडक आणि पिवळी. ही जनावराची स्वतःची कड. पुढच्या पायाच्या काखेतली. चौकटीवर ताणलेलं कातडं तिथं असंच वळतं, मी रोज बघतो. आणि वेडीवाकडी आहे कारण काख वेडीवाकडीच असते." मी पुस्तक थोडं उघडून शिवण दाखवली. "तुमच्या साधूची पद्धत मला कळली. कातड्याचा एक तुकडा घ्यायचा, मधे दुमडायचा, झाली दोन पानं. अशा घड्या एकात एक घालून शिवायच्या. पण या घडीला कातडं पुरलं नाही. एक पान झालं, आणि दुसऱ्याच्या जागी उरली काखेची एवढीशी पट्टी. ती त्यानं टाकली नाही. शिवणीत धरली, म्हणजे पहिलं पान सुटून पडायला नको. मीही हेच केलं असतं. फादर, पान कुणी नेलं नाही. बकरं तिथं संपलं."

मला वाटलं होतं, आता हा माणूस मला मिठी मारणार. निदान चहा तरी सांगणार.

फादर इनास खाली बसले. घरातलं कुणी गेल्याची तार आल्यावर माणूस बसतो ना, तसे. मग म्हणाले, "पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितलं. "काखच आहे."

"हे रेमंडला सांगायचं नाही."

"काय?"

"जुना काप आहे म्हणा. शंभर वर्षांपूर्वीचा. तेवढ्यानं माझं काम होतं. बाकीचं बोलायचं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"तुम्हाला जड जाणार आहे का?"

खरं सांगतो, मी गांगरलो. खोटं बोलू नका म्हणून मला आईनं सांगितलं होतं, मास्तरांनी सांगितलं होतं, सुंदरा रोज सांगायची. खोटं बोला म्हणून विनंती करणारा हा पहिला माणूस, आणि तोही पांढऱ्या झग्यातला. काही धर्मातलं कारण असेल, आपल्याला काय कळतंय, असं म्हणून मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला फादर रेमंड रुमाव टेबलापाशी हजर होते. पस्तिशीचा माणूस. इस्त्री अशी, की झग्याच्या घडीनं सुपारी कापावी. चष्मा, वही, दोन पेनं.

"हे व्हटकर," फादर इनासांनी ओळख करून दिली. "कातड्यातले जाणकार."

"व्हटकर?" रेमंडनी चष्म्यावरून पाहिलं. "ज्यांच्या पुडीचा तबला वाजवणारा झोपला तरी वाजत राहतो, ते? स्टेशनवरच्या टांगेवाल्यानं येताना ऐकवलं मला."

"टांगेवाल्यानं कमीच सांगितलं," मी म्हणालो. "उस्ताद घोरत होते, आणि तबला त्या घोरण्याला ठेका धरून होता. श्रोत्यांनी दोनदा दाद दिली."

फादर इनासांनी डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं, हे मला आज कळतं. पण गोष्ट अर्धी टाकणं मला कधी जमलेलं नाही.

रेमंडनी पानं मोजली. एकशे अकरा. पुन्हा मोजली. मग पट्टीपाशी थांबले.

"तर व्हटकर, हा काप किती जुना?"

"शंभर वर्षं. सव्वाशेही असेल."

"कशावरून?"

"कडेवरच्या मळावरून."

"मळ वर्षांत कसा मोजतात?"

"बोटानं."

"बोटानं पाच आणि पंचवीस वेगळे कळतात?"

"मला कळतात."

"मी पाच म्हटलं असतं, तरी तुम्ही हो म्हणाला असतात," रेमंड म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहू लागले. लिहिता लिहिता त्यांचा आवाज बदलला. कडक माणसाला कठीण काम करताना जसा बदलतो, तसा. "सर, तुमच्याविरुद्ध माझ्याकडे काही नाही. पण तुमच्या बाजूनंही काही नाही. तुमच्या जागी दुसरा कुणी असता, तर मी काय लिहावं, असं तुम्ही मला शिकवलं असतं?"

"पान ताब्यात असताना गेलं नाही, याचा पुरावा नाही. असं लिहावं."

"मग किल्ली..."

"हो, हो." फादर इनासांनी कंबरेची किल्ली सोडायला घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण आणखीही काहीतरी होतं. सुटका झाल्यासारखं. तेच मला सहन झालं नाही. निर्दोष माणूस चोर ठरतोय, त्याला वाचवणारी गोष्ट माझ्या पोटात आहे, आणि त्याला बरं वाटतंय!

"थांबा," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"ते मला कळलंय," रेमंड म्हणाले.

"नाही, तुम्हाला भलतंच खोटं कळलंय."

"व्हटकर," फादर इनास म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारे गावात तुम्ही पहिलेच, फादर. तुम्हाला अनुभव नव्हता."

आणि मी सगळं सांगितलं. काख, कड, घडी, शिवण. बकरं कुठं संपलं ते. एक अक्षर वाढवलं नाही. माझ्या तोंडून इतकी कोरडी गोष्ट निघाल्याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

रेमंडनी पेन खाली ठेवलं आणि हसले. "म्हणजे सव्वादहाला हे शंभर वर्षांपूर्वी कापलं होतं. साडेदहाला कापलंच नव्हतं. दुपारपर्यंत बकरं जिवंत होईल."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आणि पुष्कळ लोकांनी त्या ऐकून घेतल्या. खरं बोललो आणि माझ्यावर कुणी हसलं, असं पहिल्यांदाच होत होतं. त्याची चव अगदी वेगळी लागते. पण मी डगमगलो नाही. कातडं माझ्या बाजूला होतं.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या बोटावर तर ठेवाल? मला पाऊण तास द्या."

सायकल उताराला सोडली ती थेट दुकानात थांबली. वाटेत एक म्हैस, दोन टांगे आणि भाजीवाल्यांची एक रांग मी चुकवली. त्याबद्दल म्हशीचं मत वेगळं असेल. भिंतीला लावलेली चौकट तशीच उचलली, तिच्यावर आदल्या आठवड्यात ताणून वाळवलेलं अख्खं बकरं.

"आवो, ते कातडं घेऊन कुठं चाललासा?" सुंदरा म्हणाली.

"चर्चमध्ये."

"तिथं त्येचं काय काम?"

"साक्ष द्यायची आहे त्याला."

"जेवून तरी जावा की," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याच उत्तराचं तिला आश्चर्य वाटत नव्हतं.

टेकडी चढताना चौकटीनं वारा धरला आणि निम्मा रस्ता मी सायकल ओढतच नेली. पाऊण तासाचा सव्वा तास झाला. पण रेमंड थांबले होते. फादर इनास खिडकीशी पाठमोरे उभे होते.

मी चौकट टेबलाला टेकवली आणि माझी कातडं कापायची रापी रेमंडच्या हातात दिली. "हे कातडं कमावणारा मी. कापणार तुम्ही. म्हणजे हातचलाखी नको. हा पुढचा पाय, ही काख. इथून दोन बोटं आत सरळ कापा."

त्यांनी झग्याच्या बाह्या वर केल्या आणि कापलं. इस्त्रीच्या मानानं हात बरा होता. पट्टी सुटून आली. तिची एक कड त्यांनी कापलेली, दुसरी बकऱ्याची.

"आता डोळे मिटा."

"व्हटकर, हा पोरखेळ..."

"मिटा हो. इतक्या प्रार्थना करता, मिटायची सवय असेलच."

फादर इनासांच्या खांद्यात किंचित हालचाल झाली. रेमंडनी डोळे मिटले. मी त्यांचं बोट पट्टीच्या एका कडेवर ठेवलं.

"ही कुठली?"

"मी कापलेली. बोचतेय."

पट्टी उलटी केली. "आणि ही?"

"ही... जाड आहे. गुंडाळल्यासारखी. ही बकऱ्याची."

तीनदा पट्टी फिरवली, तिन्हीदा बरोबर. मग मी त्यांचा हात धरून टेबलावर नेला आणि बोट पुस्तकातल्या पट्टीच्या कडेवर ठेवलं.

बोट वरून खाली गेलं. थांबलं. पुन्हा वर आलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्यांदा बोट इतकं हळू फिरलं, की जणू त्या कडेवर काही लिहिलं होतं.

"हे कापलेलं नाही," रेमंड म्हणाले.

मग त्यांच्यातला शिकलेला माणूस जागा झाला. पुस्तक उभं धरून ते शिवणीतल्या घड्या मोजू लागले. छप्पन्न. पुन्हा मोजल्या. छप्पन्न. "छप्पन्न दुणे एकशे बारा!" ते जवळजवळ ओरडले. "यादी करणाऱ्यानं पानं मोजलीच नाहीत, सर. घड्या मोजल्या आणि दुप्पट केली. ही घडी एकाच पानाची आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. पान कधी नव्हतंच!"

त्यांनी वहीतला कागद फाडला, चार तुकडे केले आणि फादर इनासांच्या समोर जाऊन उभे राहिले. "सर, मला क्षमा करा. किल्ली तुमच्याकडेच राहील."

"तू काही चुकला नाहीस, रेमंड," फादर म्हणाले. आवाज अगदी सपाट. "मी शिकवलं तसंच केलंस."

"पण सर, एवढी वर्षं हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? आणि काल व्हटकरांनी सांगितल्यावरही तुम्ही..."

फादर इनासांनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत सुतळीनं बांधलेले पत्रांचे गठ्ठे होते, खालपासून वरपर्यंत.

"चाळीस ग्रंथालयं," ते म्हणाले. "इटली, फ्रान्स, पोर्तुगाल, जर्मनी. लढाई चालू होती तेव्हाही लिहायचो. अमुक मापाचं, बकऱ्याच्या कातड्यावरचं, दर बाजूला चोवीस ओळी असलेलं सुटं पान आपल्याकडे आहे का? काहींनी नाही म्हणून कळवलं. बाकीच्यांनी कळवलंच नाही. मी दर वर्षी पुन्हा लिहीत होतो."

"कुठल्या ओळीवरचं पान?" मी विचारलं.

"त्या गीतातली बाई अंथरुणातून उठते. दारावर तिच्या माणसाची थाप ऐकलेली असते. ती दार उघडते, आणि बाहेर कोणीच नसतं. निघून गेलेला असतो. त्या ओळीवरचं." त्यांनी कपाटाच्या फळीवर हात ठेवला. "या साधूनं प्रत्येक ओळीवर असं लिहिलंय, की वाचून माणसाला पुढचा दिवस काढता यावा. मग या ओळीवर त्यानं काय लिहिलं असेल! चोरानं नेमकं तेच पान नेलं, म्हणजे तेच सगळ्यात चांगलं असणार, अशी माझी खात्री होती. एकतीस वर्षं त्या पानाच्या आशेवर मी ही खोली झाडली."

"म्हणून तुम्ही चोर ठरायला तयार झालात?" रेमंडनी हळूच विचारलं.

"मी चोर ठरलो असतो, तर ते पान जगात कुठंतरी असतं, रेमंड."

मी चौकट उचलली आणि जिना उतरलो. मी एका माणसाची किल्ली वाचवली होती आणि त्याचं पान घालवलं होतं. आणि ते परत आणेल अशी एकही थाप मला सुचत नव्हती. माझ्यावर असा प्रसंग ना पूर्वी आला होता, ना नंतर.

थाप सुचली नाही, म्हणून हात कामाला लावले. दुसऱ्या दिवशी मी एक कोवळं कातडं निवडलं. चुन्यात टाकलं, केस काढले, धुतलं, ताणलं. पुडीसाठी तासतो त्याच्या निम्मं पातळ तासलं. विटेच्या भुकटीनं घासलं, मग खडूनं. अठरा दिवस गेले. दोन कातडी फाटली, तिसरं जमलं. साधूच्या पानाचं माप माझ्या वितीत होतंच. बरोबर एक पान कापलं आणि टेकडी चढलो.

फादर इनास टेबलापाशी पुस्तक पाठवायच्या तयारीत होते. पेटी आली होती. मी पान त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"त्याला बकरं कमी पडलं होतं. मी पुरवलं."

त्यांनी पान उजेडाकडे धरलं. बोटानं चाचपलं. "याचं मी काय करू?"

"लिहा."

"त्याच्या पुस्तकात? मी?"

"पुस्तकात घालू नका. तुमच्याजवळ ठेवा."

"व्हटकर, त्यानं काय लिहिलं असतं, हे मला काय ठाऊक!"

"त्यालाही ठाऊक नसणार. नाहीतर एवढा चिवट माणूस बकऱ्यासाठी अडला असता का? गावात दुसरी बकरी नव्हती? त्याला काही सुचलं नाही आणि तो पुढच्या ओळीवर गेला, फादर. तो मठात बसलेला माणूस. दार उघडावं आणि बाहेर कोणी नसावं, हे त्याला किती वेळा झालं असेल? तुम्ही चाळीस दारं दर वर्षी उघडलीत. एकतीस वर्षं. या ओळीवर तुमच्याइतका अधिकार कुणाचा आहे?"

फादरांनी पान टेबलावर ठेवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बकऱ्यानं."

ते हसले. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. मग खुर्ची पुढे ओढली, दौत उघडली, टाक बुडवला आणि हात हवेतच थांबला.

"कुठल्या बाजूनं सुरुवात करू?"

"मांसाच्या. ही पांढरी. ती शाई पटकन धरते. केसांची बाजू हट्टी असते, ती मागाहून."

मला वाटलं होतं लॅटिन असेल. पण पहिली ओळ मला वाचता आली. 'तिनं दार उघडलं.' तिथं ते थांबले. खिडकीबाहेर कुणीतरी विहिरीवर बादली सोडत होतं, रहाटाची कुरकुर चालली होती. मग मान खाली गेली आणि टाक चालू लागला. खोडाखोड नाही, विचारणं नाही. पांढरी बाजू संपली. पान उलटलं. मी समोर बसून होतो. चहा आला, निवला, त्यांना कळलंही नाही. केसांच्या बाजूवर शाई थोडी अडखळली, त्यांनी टाक जरा दाबून धरला आणि तेही जमवलं. अक्षरं बारीक बारीक होत खालच्या कडेला जाऊन भिडली.

मग त्यांनी वर पाहिलं. चष्मा नाकावर घसरलेला, बोटं काळी.

"व्हटकर," ते म्हणाले, "अजून एक बकरं लागेल."